आधी घड्याळ, मग आजाराचं नाव: इमर्जन्सीतली पोटदुखी

इमर्जन्सी विभागात येणाऱ्या दर शंभर मोठ्या माणसांत साधारण ५ ते १० जण पोटदुखीची तक्रार घेऊन आलेले असतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचा अनुभव एका साच्यातला असतो. तोच प्रश्न तिघांनी तीनदा विचारला, रक्त काढलं, लघवी तपासली, चार तास खाटेवर झोपवून ठेवलं आणि शेवटी ‘सध्या गंभीर काही दिसत नाही, दुखलं तर उद्या परत या’ म्हणून घरी पाठवलं. कागदावर आजाराचं नावसुद्धा नाही. माणूस चिडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण आत काय चाललं होतं हे त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

तिथला डॉक्टर पहिल्या तासात आजाराच्या नावामागे फारसा लागत नाही. त्याला आधी वाटणी करायची असते: काय दोन तास थांबलं तर हाताबाहेर जाईल, काय उद्या सकाळपर्यंत थांबू शकेल, आणि काय आपलं आपण निवळेल. पोटदुखीच्या शंभर कारणांची यादी पाठ असूनही ही वाटणी चुकू शकते, आणि नाव न कळताही ती बरोबर येऊ शकते.

दुखतं एकीकडे, बिघाड दुसरीकडे

पोटातल्या अवयवांची संवेदना आपल्या त्वचेसारखी नसते. आतडं कापलं किंवा त्याला चटका दिला तरी माणसाला ते दुखत नाही. तेच आतडं फुगलं, आवळलं गेलं, सुजलं किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला की मात्र कळा सुरू होतात. या अवयवांच्या नसा मोजक्या असतात आणि त्या मणक्याच्या दोन्ही बाजूंना जातात. त्यामुळे मेंदूला जागा नीट कळत नाही. दुखणं मधोमध, पसरट, ‘इथे कुठेतरी’ असं जाणवतं. जठर, पित्ताशय, स्वादुपिंड यांचं दुखणं बेंबीच्या वर. लहान आतडं आणि अपेंडिक्स यांचं बेंबीभोवती. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, मूत्राशय, गर्भाशय यांचं ओटीपोटात. गर्भावस्थेत हे अवयव जिथे तयार झाले तिथला नसांचा पत्ता त्यांनी आयुष्यभर सांभाळलेला असतो, मग ते पुढे सरकून कुठेही जाऊन बसोत.

पोटाच्या भिंतीला आतून जो पातळ पडदा असतो त्याच्या नसा मात्र त्वचेसारख्याच असतात. सूज तिथवर पोहोचली की दुखणं टोकदार होतं आणि माणूस एका बोटाने जागा दाखवतो. हलताना, खोकताना, गाडी खड्ड्यातून जाताना ते जास्त दुखतं.

अपेंडिक्समध्ये हा प्रवास स्पष्ट दिसतो. आधी बेंबीभोवती बोथट दुखणं, मग भूक मरणं, मळमळ, आणि साधारण १२ ते २४ तासांत दुखणं उजवीकडे खाली उतरून एका जागी ठाण मांडतं. न्यूयॉर्कचे सर्जन चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा नेमकी सांगितली: कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ कल्पायची आणि हाडापासून एकतृतीयांश अंतरावर बोट ठेवायचं. आजही तिथेच दाबून बघतात. पण हे चित्र सगळ्यांत दिसत नाही; जवळपास निम्म्या रुग्णांत ते अर्धवट असतं. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या मागे दडलेलं असेल तर पुढून दाबून फार दुखत नाही, कुशीत किंवा पाठीत दुखतं. ते खाली ओटीपोटात लोंबत असेल तर लघवीला जळजळ आणि थोडे जुलाब होतात, आणि ‘युरिन इन्फेक्शन’चा शिक्का बसून माणूस घरी जातो.

आणखी एक घोटाळा लांब उमटणाऱ्या दुखण्याचा. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची नस मानेतून निघते. म्हणून पोटात रक्त साठलं किंवा जठराला भोक पडलं की खांदा दुखू शकतो. खांद्याला मार लागलेला नाही, हात हलवून काही फरक पडत नाही, आणि आडवं झाल्यावर खांद्याचं दुखणं वाढतं, अशा वेळी नजर पोटाकडे वळवावी लागते. उलट दिशेनेही असंच होतं. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका किंवा फुप्फुसाच्या तळाचा न्यूमोनिया पोटाच्या वरच्या भागात दुखतो. अंडकोषाला पीळ बसला तर तरुण मुलगा ‘खाली पोटात दुखतंय’ एवढंच सांगतो, लाजेने पुढचं बोलत नाही. त्या पिळाला सहा तासांच्या आत सोडवलं तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली असते. तपासताना कपडे काढायला सांगतात त्याचं कारण हे.

पहिली दहा मिनिटं

दारातच नाडी, रक्तदाब, श्वासाचा वेग, ताप आणि ऑक्सिजन मोजतात. यांत सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आकडा श्वासाचा, आणि सगळ्यांत जास्त फसवा आकडा रक्तदाबाचा. शरीरातलं तीस टक्क्यांपर्यंत, म्हणजे मोठ्या माणसात दीड लिटरच्या आसपास रक्त आत सांडलं तरी झोपलेल्या माणसाचा वरचा रक्तदाब जवळपास नॉर्मल राहू शकतो. रक्तवाहिन्या आवळून आणि हृदय जोरात चालवून शरीर तो सावरून धरतं. आधी नाडी वाढते, हातपाय गार पडतात, घाम येतो. ‘बीपी ठीक आहे’ या वाक्यावर कुणीही निश्चिंत होऊ नये. वेगाने चालणारा श्वास हा पुष्कळदा रक्तात आम्ल साठल्याचा इशारा असतो. जंतुसंसर्ग पसरत असेल, आतडं मरत असेल किंवा मधुमेहात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढले असतील तेव्हा तो दिसतो. कीटोन वाढल्याने होणारी पोटदुखी इतकी जोरदार असते की सर्जनला बोलावणं जातं, आणि साखर मोजल्यावर उलगडा होतो.

चाळिशीच्या पुढचा माणूस बेंबीच्या वर दुखतंय म्हणाला तर दहा मिनिटांत ईसीजी काढतात. ‘ॲसिडिटीचं औषध घेतल्यावर बरं वाटलं’ हे हृदय ठीक असल्याचा पुरावा नव्हे. झटका आलेल्या माणसालाही त्या औषधाने तात्पुरतं बरं वाटू शकतं.

प्रकृती ढासळलेली दिसली तर दोन्ही हातांत जाड सुया लावून सलाईन सुरू होतं, रक्तगट तपासायला जातो, आणि तपासणी व उपचार एकाच वेळी चालतात. निदान होईपर्यंत उपचार थांबवायचे नसतात.

ज्यांना थांबवता येत नाही

पोटातली मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते. ती तीनच्या पुढे फुगली की त्याला फुगवटा म्हणतात, आणि साडेपाचच्या पुढे फुटण्याचा धोका इतका वाढतो की पुरुषांत आधीच शस्त्रक्रिया करण्याचा विचार होतो. ती फुटली की दुखणं पाठीत, कुशीत, जांघेत जातं, अगदी मूतखड्यासारखं. म्हणून साठीच्या पुढच्या धूम्रपान करणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच ‘मूतखडा’ झाला, तर तो मूतखडा नाही असं गृहीत धरून सुरुवात करतात. खाटेशेजारच्या सोनोग्राफीने महाधमनीची रुंदी मोजायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं न दिल्याने झालेल्या चुका सुधारायला संधी मिळत नाही.

पाळी येण्याच्या वयातल्या प्रत्येक स्त्रीची गर्भचाचणी होते. ‘पाळी चुकलेली नाही’, ‘कॉपर टी आहे’, ‘ऑपरेशन झालंय’ यांपैकी कशानेही ती टळत नाही, आणि यात अविश्वासाचा प्रश्न नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत रुजला असेल तर त्या वेळी होणारा थोडा रक्तस्राव पाळीच समजला जातो. नलिका फुटली की काही तासांत पोटात एक-दोन लिटर रक्त साठू शकतं. चाचणी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं असेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ती नलिकेतली गर्भधारणाच मानतात. चाचणी निगेटिव्ह आली तर पुढची शंका अंडाशयाला बसलेल्या पिळाची. एका बाजूला अचानक कळ आणि उलट्या, मग थोडं थांबून पुन्हा तेच. अंडाशयात मोठी गाठ असली की पीळ बसायला कारण मिळतं. तिथे रक्तप्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं म्हणता येत नाही, हे सोनोग्राफीच्या रिपोर्टात कधीकधी विसरलं जातं.

आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं हा सगळ्यांत लबाड आजार. माणूस वेदनेने तळमळतो, पण पोटाला हात लावला तर ते मऊ असतं, दाबून विशेष दुखत नाही. दुखणं आणि तपासणी यांचा असा मेळ बसत नसेल तर त्या विसंगतीलाच लक्षण मानायचं. वयस्कर माणूस, नाडी अनियमित, आणि अचानक सुरू झालेली भयंकर वेदना एवढं पुरेसं आहे. शिरेतून रंगद्रव्य देऊन रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन लगेच करायचा. साधारण सहा तासांत आतडं कायमचं मरायला लागतं. रक्तातलं लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं द्रव्य) वाढेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो, सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं.

जठराचा किंवा त्यापुढच्या आतड्याचा व्रण (अल्सर) फुटला तर माणूस वेळ मिनिटानिशी सांगतो: ‘सव्वातीनला सुरू झालं.’ आम्ल पोटभर पसरतं, पोट फळीसारखं कडक होतं, आणि माणूस हलायला तयार नसतो. सांधेदुखीच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांत हे जास्त. उभं किंवा ताठ बसवून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवेची काळी चंद्रकोर दिसते, पण दर पाच रुग्णांत निदान एकाला ती दिसत नाही. म्हणून एक्स-रे साफ आला तरी शंका कायम असेल तर सीटी करतात. या आजारात काही तासांनी दुखणं थोडं कमी होतं, कारण आत पाझरलेलं पाणी आम्ल पातळ करतं. ही फसवी उसंत. अपेंडिक्स फुटल्यावरही दाब कमी होऊन थोडा वेळ बरं वाटतं. ‘आता कमी आहे, घरी जातो’ म्हणून उठलेला माणूस घामाने भिजलेला आणि नाडी १२० असेल, तर त्याला जाऊ देऊ नये.

प्रश्न आणि हात

दुखणं कसं सुरू झालं, हा एक प्रश्न अर्धं काम करतो. एका क्षणात सुरू झालं असेल तर काहीतरी फुटलंय, अडकलंय किंवा पीळ बसलाय. तासाभरात वाढत गेलं तर पित्ताशय, स्वादुपिंड, मूतखडा. दिवसभरात हळूहळू वाढलं तर सूज. दुसरा प्रश्न क्रमाचा: आधी दुखलं की आधी उलटी झाली? दुखणं आधी आणि उलटी मागाहून आली तर शस्त्रक्रियेच्या आजाराकडे झुकाव. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटात मुरडा आला तर बहुतेक आतड्याचा साधा संसर्ग. हा नियम पक्का नाही, पण ‘गॅस्ट्रो’ असा शिक्का मारायला उलट्या आणि जुलाब दोन्ही हवेत. नुसत्या उलट्यांना गॅस्ट्रो म्हणणं ही आळशी सवय आहे आणि ती महागात पडते. वयस्कर माणसाला ‘बद्धकोष्ठ’ म्हणून परत पाठवणं हीसुद्धा त्याच जातीची.

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यालाही अर्थ असतो. वेदनेच्या भरात पहिल्यांदा सांगितलेली आणि तासाभराने सांगितलेली हकिगत वेगळी असते, आणि त्या फरकातूनच कधी धागा सापडतो.

मग हात. चांगली तपासणी पाहण्यासारखी असते. डॉक्टर आधी लांब उभा राहून बघतो: तळमळणारा माणूस असेल तर नळी अडकल्याची कळ, म्हणजे मूतखडा किंवा पित्ताचा खडा, निपचित, गुडघे दुमडून पडलेला असेल तर पोटाच्या आतल्या पडद्याची सूज. मग ‘जरा खोका’ म्हणतो. खोकताना हात आपोआप जिथे जातो ती जागा लक्षात ठेवतो. हात चोळून गरम करतो, कारण गार हाताने कुणाचंही पोट घट्ट होतं. दुखऱ्या जागेपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात तळवा सपाट टेकवून सुरुवात करतो आणि दाबताना पोटाकडे न बघता चेहऱ्याकडे बघतो. स्नायू मुद्दाम ताठ केलेत की आपोआप, हे कळायला रुग्णाला दीर्घ श्वास सोडायला सांगतो. श्वास सोडतानाही पोट सैल झालं नाही तर तो ताठरपणा खरा. जोरात दाबून झटकन हात सोडायची जुनी पद्धत अनेक जण आता टाळतात. बोटाने हलकं ठोकलं तरी तीच माहिती मिळते आणि रुग्ण किंचाळत नाही.

एक छोटी, उपयोगी चाचणी: दुखऱ्या जागेवर बोट ठेवून रुग्णाला मान आणि खांदे उचलायला सांगायचं. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणं आतलं असेल तर ते या ढालीमागे लपतं आणि कमी होतं. वाढलं तर बिघाड भिंतीतच आहे. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसाला खोकल्याच्या ठसक्यानंतर स्नायूत रक्त साठून असं होतं.

जांघा बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. उलट्या, फुगलेलं पोट, वारा सरणं बंद, आणि मांडीच्या वरच्या टोकाशी सुपारीएवढी कडक गाठ: सडपातळ वयस्कर स्त्रीमध्ये ही अडकलेल्या हर्नियाची गाठ असते आणि ती साडीखाली किंवा पायजम्याखाली सहज सुटून जाते.

वेदनाशामक आधी, निदान मागाहून

‘सर्जन बघेपर्यंत दुखण्याचं औषध द्यायचं नाही, नाहीतर लक्षणं झाकली जातात’ हा समज फार जुना. ज्या काळी सीटी नव्हता आणि मॉर्फिनचे मोठे डोस एकदम दिले जात, तेव्हा त्यात थोडं तथ्य असेल. नंतर झालेल्या अभ्यासांत वेदनाशामक दिल्याने निदान चुकण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. उलट दुखणं सुसह्य झाल्यावर रुग्ण पोट सैल सोडतो आणि नेमकी दुखरी जागा उठून दिसते. मॉर्फिन साधारण किलोमागे ०.१ मिलिग्रॅम या हिशेबाने, थोडं थोडं करून शिरेतून देतात. मूतखड्याला डायक्लोफेनॅकसारखं सूज उतरवणारं औषध जास्त चांगलं लागू पडतं, मात्र किडनी अशक्त असेल, व्रण असेल किंवा गर्भ असेल तर ते टाळायचं. वेदनाशामकासाठी ताटकळत ठेवलं जात असेल तर नम्रपणे पण ठामपणे मागावं.

खाणं-पिणं मात्र थांबवतात. भूल द्यावी लागली तर घन अन्नानंतर साधारण सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास गेलेले असावेत, नाहीतर भुलीत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. घरून निघतानाही हेच. वेदनेवर उतारा म्हणून जुलाबाचं औषध किंवा एनिमा घेऊ नये; आतडं अडलेलं किंवा अपेंडिक्स सुजलेलं असेल तर ते धोक्याचं ठरतं.

चाचण्या काय सांगतात आणि काय नाही

पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून अपेंडिक्स नक्की होत नाही आणि नॉर्मल आल्या म्हणून ते सुटत नाही. त्यांचा उपयोग इतर खुणांबरोबर जोडून. १९८६ मध्ये अल्फ्रेडो अल्वारादो या डॉक्टरांनी त्यासाठी दहा गुणांची मोजपट्टी तयार केली. दुखणं सरकलं, भूक मेली, मळमळ, दाब सोडल्यावर कळ, थोडा ताप, आणि पांढऱ्या पेशींमध्ये न्यूट्रोफिलचं प्रमाण वाढलेलं, यांना एकेक गुण. उजवीकडे खाली दुखरेपणा आणि वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांना दोन-दोन. चारच्या आत गुण असतील तर अपेंडिक्सची शक्यता कमी, सातच्या पुढे जास्त, आणि मधल्यांना स्कॅन. पोरखेळ वाटावा अशी ही बेरीज, पण कुणाला स्कॅन नको हे ठरवायला ती कामाची आहे.

लायपेज (स्वादुपिंडातून रक्तात येणारं पाचकद्रव्य) वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं आणि दुखणं त्या धर्तीचं, म्हणजे बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीत घुसणारं असेल, तर स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान पक्कं, त्यासाठी लगेच सीटी लागत नाही. लायपेजचा आकडा किती हजार आहे यावर आजाराचं गांभीर्य ठरत नाही. नातेवाईक मात्र रोज तोच आकडा विचारतात. लघवीत रक्त दिसणं मूतखड्याच्या बाजूने असलं तरी काही मूतखड्यांत ते दिसत नाही, आणि सुजलेलं अपेंडिक्स मूत्रनलिकेला चिकटलं तर लघवीत पेशी दिसतात.

सोनोग्राफी पित्ताशय, गर्भाशय, अंडाशय, महाधमनी आणि मूत्रमार्गाला आलेली सूज यांसाठी उत्तम. आतड्यातला वायू तिचा शत्रू. ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ आणि ‘अपेंडिक्स नॉर्मल आहे’ ही दोन अगदी वेगळी वाक्यं आहेत. रिपोर्ट हातात आल्यावर यांतलं कुठलं लिहिलंय ते वाचावं. सीटी मोठ्या माणसांत सर्वांत जास्त उत्तरं देतो. त्याचा किरणोत्सर्ग साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट (किरणोत्सर्ग मोजायचं एकक), म्हणजे माणसाला निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळतो तेवढा. साठीच्या माणसात याचा विचार करत बसू नये. विशीतल्या, तिसऱ्यांदा त्याच दुखण्याने आलेल्या मुलीत जरूर करावा. पोटाचा साधा एक्स-रे आतडं अडल्याची शंका सोडली तर फारसं काही सांगत नाही, तरी सवयीने काढला जातो.

रोजचे पाहुणे

पित्ताचा खडा जेवणानंतर, बऱ्याचदा रात्री, उजव्या बरगडीखाली किंवा मधोमध दुखतो आणि काही तासांत थांबतो. सहा तासांच्या पुढे गेलं, ताप आला, आणि सोनोग्राफीचा दांडा पित्ताशयावर दाबून दीर्घ श्वास घ्यायला सांगितल्यावर श्वास अर्ध्यात अडकला, तर पित्ताशय सुजलंय. सर्जन जॉन मर्फी यांच्या नावाने ही खूण ओळखली जाते. त्यात कावीळ आणि थंडी वाजून ताप यांची भर पडली तर पित्तनलिकेत पू झालाय. अँटिबायोटिक एकट्याने पुरत नाही, नळी मोकळी करावीच लागते.

मूतखडा पाच मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेक वेळा आपोआप पडतो, दहाच्या पुढे सहसा नाही. कितीही दुखलं तरी मूतखडा घाईचा नसतो, एक अपवाद सोडून: अडलेली किडनी आणि ताप. तेव्हा खडा काढण्याआधी किडनीतली तुंबलेली लघवी नळी घालून त्याच दिवशी बाहेर काढतात.

आतडं अडण्याचं मुख्य कारण जुन्या ऑपरेशननंतर आत पडलेले चिकट पट्टे. ऑपरेशन वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी हे होतं, म्हणून पोटावरची टाक्यांची जुनी खूण दाखवायला विसरू नये. लहान आतडं तीन सेंटिमीटरच्या पुढे, मोठं सहाच्या पुढे आणि त्याची सुरुवातीची पिशवी नऊच्या पुढे फुगली तर ते अडलंय असं धरतात. नाकातून नळी घालून जठर रिकामं करणं नकोसं वाटतं, पण त्यानेच उलट्या थांबतात आणि पुष्कळांचं ऑपरेशन टळतं. तोंडाने दिलेलं रंगद्रव्य २४ तासांत मोठ्या आतड्यात पोहोचलं तर बहुधा सुरी लागत नाही. येऊन-जाऊन येणाऱ्या कळा थांबून सतत दुखायला लागलं, ताप आला, नाडी वाढली, तर आतडं गुदमरतंय. मग वाट बघणं संपलं.

वयस्करांना हे सगळं नियम मोडून होतं. पोटात पू असूनही ताप नसतो, पांढऱ्या पेशी वाढत नाहीत, पोट कडक होत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत, त्यामुळे ८० ची नाडी बघून निर्धास्त होता येत नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांत पोटाच्या आतल्या पडद्याची सूज झाकली जाते. अशांच्या बाबतीत स्कॅनची पायरी खाली आणावी आणि घरी पाठवायची पायरी वर न्यावी.

नाव न मिळता घरी

सगळं तपासून झाल्यावर पोटदुखीने आलेल्यांपैकी जवळपास चौथा ते तिसरा हिस्सा ‘नेमकं कारण नाही’ या शेऱ्यासह घरी जातो, आणि त्यांतल्या बहुतेकांचं दुखणं दोन-चार दिवसांत जातं. नाव माहीत नसताना खोटं नाव चिकटवण्यापेक्षा हा शेरा बरा. ‘ॲसिडिटी’ लिहून दिलं की रुग्ण पुढचे दोन दिवस ॲसिडिटीच्याच गोळ्या घेत घरी बसतो, आणि दुसऱ्या रुग्णालयातला डॉक्टरही ते नाव वाचून तिथेच थांबतो.

अशा वेळी निघण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: पुन्हा तपासणी किती तासांनी, कुठे, आणि काय झालं तर त्याआधी यायचं. अपेंडिक्सची थोडीजरी शंका उरली असेल तर १२ ते २४ तासांत पुन्हा हात लावून बघणं ही कुठल्याही यंत्राइतकीच चांगली चाचणी आहे. त्याआधी परत फिरायची कारणं अशी: पसरट दुखणं एका जागी बसलं, चालताना हबका बसला की दुखतं, पाणीही पोटात टिकत नाही, थंडी वाजून ताप आला, शौचाला काळं किंवा लाल झालं, उलटीत रक्त किंवा हिरवट पित्त आलं, चक्कर येऊन पडायला झालं, पोट फुगून वारा सरणं बंद झालं. रात्री दोन वाजता यांतलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

परत गेल्यावर खिडकीवर पहिलंच वाक्य हे सांगावं की आपण दुसऱ्यांदा आलोय. सोबत पहिल्या वेळचे रक्ताचे रिपोर्ट, घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आणि एका कागदावर वेळा: दुखणं कधी सुरू झालं, कधी सरकलं, पहिली उलटी कधी, शेवटचं खाल्लं कधी, वेदनाशामक कोणतं आणि किती वाजता. त्या कागदावरून नव्या डॉक्टरला पहिल्या भेटीपासून काय बदललं ते अर्ध्या मिनिटात कळतं, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची की थेट स्कॅनला पाठवायचं हे तो त्यावर ठरवतो.